केरळचा चित्रपट महोत्सव: रजा चारच दिवस. पहिले चार की शेवटचे चार?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं "यंदा नक्की" म्हणत तिरुवनंतपुरमला जायचं राहून जातंय. यंदा त्यांच्या महोत्सवाचं तिसावं वर्ष, म्हणून साहेबांच्या मागे लागून रजा मंजूर करून घेतली. मिळाली चार दिवस. महोत्सव आठ दिवसांचा.

तर प्रश्न असा आहे. पहिले चार दिवस गाठले तर उद्घाटन, मोठे पाहुणे, जीवनगौरव वगैरे. शेवटचे चार गाठले तर गाजलेल्या सिनेमांचे पुन्हा खेळ आणि निकाल. घरात एकमत नाही. नवरा म्हणतो, "सिनेमे काय, वर्षभरात मोबाइलवर येतात. माणसं येत नाहीत, ती बघून ये." माझं म्हणणं उलट. पाहुण्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात, त्यासाठी रजा कशाला घालवायची?

पण प्रामाणिकपणे सांगते, पुण्याच्या महोत्सवाला मी कैक वर्षं जाते आणि पाहिलेले निम्मे सिनेमे एकमेकांत मिसळून गेलेत. लख्ख आठवते ती एक परदेशी दिग्दर्शिका, जी खेळ संपल्यावर बाहेर पायरीवर आमच्याशेजारी टेकली आणि पुडीतले खारे दाणे मागून खाल्ले. नाव विचाराल तर सांगता येणार नाही. म्हणजे नवऱ्याचं खरं की काय, अशी शंका येतेय. (त्याला हा धागा दाखवणार नाही.)

जाऊन आलेल्यांनी सांगा.

बटाटेवडा_दादर

पहिला! वाचनखूण साठवली. माहिती शून्य, पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पडद्यामागचा

शेवटचे चार. डोळे झाकून.

स्पर्धेतला प्रत्येक सिनेमा तिथे एकाहून जास्त वेळा दाखवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत रांगेतच कळतं की कुठला चांगला आहे. तिथली रांग हीच समीक्षा. तुमच्या पुढे उभा असलेला लुंगीतला गृहस्थ इराणच्या सिनेमावर तुम्हाला दहा मिनिटं ऐकवेल आणि ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या परीक्षणापेक्षा बरं असेल. शिवाय स्पर्धा फक्त आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सिनेमांची असते. युरोपातलं काही बघायचं तर जागतिक विभाग वेगळा आहे. त्यामुळे जे स्पर्धेत बघाल ते मोबाइलवर यायची शक्यता कमीच, हे नवरोबांना सांगा.

मधली_ओळ

पडद्यामागचा यांच्याशी असहमत. मी २०२२ च्या मार्चमधल्या उद्घाटनाला होतो. कोविडमुळे डिसेंबरचा महोत्सव पुढे ढकलून मार्चमध्ये घेतला होता, त्यामुळे त्या एका वर्षात दोन झाले, एक मार्चमध्ये आणि एक डिसेंबरात.

उद्घाटन निशागंधीत होतं, म्हणजे कनककुन्नु राजवाड्याच्या आवारातल्या उघड्या प्रेक्षागृहात. आम्ही पार मागे. पाहुणे म्हणून अनुराग कश्यप येणार हे जाहीर होतं, लोक त्याच्याचसाठी कॅमेरे सरसावून बसलेले. आणि अचानक मंचावर मल्याळम सिनेमातली अभिनेत्री भावना आली. यादीत नाव नाही, पत्रिकेत नाही. २०१७ मध्ये तिच्यावर झालेल्या लैंगिक हल्ल्यानंतर न्यायासाठी ती कशी झगडत होती हे तिथल्या पोराटोरांना माहीत. क्षणभर कोणाला उमगलंच नाही. मग पुढच्या रांगा उठल्या, मग मधल्या, मग आम्ही. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने टाळ्या वाजवता वाजवता ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

त्याच संध्याकाळी लिसा चालान या कुर्दी दिग्दर्शिकेला 'स्पिरिट ऑफ सिनेमा' पुरस्कार दिला. २०१५ मध्ये दियारबाकिरच्या सभेत झालेल्या बॉम्बस्फोटात तिचे दोन्ही पाय गेले, तरी सिनेमा सोडला नाही. ती मंचावर आली तेव्हा पुन्हा सगळे उभे.

त्या वर्षी मी एकवीस सिनेमे पाहिले. आज हात लावून सांगता येतील असे चार. ती संध्याकाळ मात्र जशीच्या तशी आहे. तेव्हा पहिले चार.

खिडकीजवळची

मधली_ओळ, अंगावर काटा आला. (नवरा एक, मी शून्य.)

कोकणकन्या_लेट

मुद्द्याचं कोणी विचारत नाहीये. जाणार कशाने? मुंबईकर असाल तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती. कोकण रेल्वेने जाते, एक रात्र आणि वर बराचसा दिवस. चार दिवसांतले दोन गाडीतच गेले तर उरले दोन, पाहुणे पण नाही आणि सिनेमे पण नाही. मग नेत्रावतीच्या खिडकीतून जे दिसेल तोच सिनेमा. एकही उपशीर्षक लागत नाही.

खिडकीजवळची

पुण्याची आहे हो. आणि रजेला शनिवार-रविवार चिकटवलेत, प्रवास त्यात.

अण्णा_सोलापूर

मग पुणे-कन्याकुमारी, म्हणजे जुनी जयंती जनता. आमच्या सोलापुरावरून जाते. तिरुवनंतपुरमला थांबते. वाटेत दौंड लागलं की हात जोडा, डॉ. जब्बार पटेलांचा दवाखाना तिथला. बालरोगतज्ज्ञ माणूस, पोरांना तपासता तपासता 'सामना' केला आणि तो १९७५ ला बर्लिनच्या स्पर्धेत गेला. पुढे पुण्याचा महोत्सव २००२ पासून त्यांनीच चालवला. आपल्याकडे डॉक्टर लोक दवाखाना सांभाळून हे करतात, आणि आम्ही नुसतं बीपी तपासून घेतो.

पणजीकर

गोव्यातून लिहितोय म्हणजे पक्षपात गृहीत धरा. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमचा पणजीला आला आणि आम्हाला घरबसल्या मोठमोठी माणसं दिसली. २०१४ ला हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय, २०१९ ला फ्रेंच अभिनेत्री इझाबेल उपेर, २०२३ ला हॉलिवूडचा मायकल डग्लस बायकोसकट. २०२१ ला जितेंद्र जोशीला 'गोदावरी'साठी अभिनयाचा रौप्य मयूर, त्याच्या दोन वर्षं आधी उषा जाधवला 'माई घाट'साठी. हे सगळं मांडवीच्या काठी.

पण एक फरक मान्य करतो. पणजीत पाहुणा आला की लोक फोटो काढायला जातात. तिरुवनंतपुरमला पाहुणा आला की लोक भांडायला जातात. तिथे रोज संध्याकाळी 'ओपन फोरम' नावाचा प्रकार असतो टागोर थिएटरच्या आवारात. पुरस्कार, तिकिटं, निवड, सरकार, कशावरही बोला. मी एकदा बसलो होतो. एक म्हातारा अर्धा तास आयोजकांना झापत होता आणि आयोजक वहीत लिहून घेत होते. मला वाटलं, निवृत्त न्यायाधीश असावेत. नंतर कळलं, त्यांचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे.

डॉ_काढा

पाहुणे हा विषय निघालाच आहे तर माझी जखम उघडतो. कुठला महोत्सव ते सांगणार नाही, शहरही नाही, राज्य आपलंच.

सहा वाजताचा खेळ. साडेपाचपासून रांगेत. आत गेलो तर पहिल्या चार रांगांवर पांढरी कापडं आणि 'राखीव' अशा पाट्या. आम्ही भिंतीला टेकून. सहा वाजले, सव्वासहा, साडेसहा. मग एक सिनेनट आले, सोबत वीस जण. समई. समईच्या वाती वाऱ्याने विझतात म्हणून पंखे बंद. मग भाषण. मग ज्यांनी भाषण केलं त्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचं भाषण. सात दहाला सिनेनट आणि वीस जण उठून गेले. सिनेमा बघायला एकही थांबला नाही. कापडं तशीच, खुर्च्या रिकाम्या. आम्ही बसायला गेलो तर कार्यकर्ता म्हणतो, "साहेब परत येणार आहेत."

सिनेमा सुरू झाला तो उपशीर्षकांशिवाय. भाषा रोमानियन.

मी बाहेर पडलो नाही. सत्तर मिनिटं बसून पाहिला. कथा मी माझ्या मनाने केली आणि घरी येऊन वाचली तर बरीचशी बरोबर निघाली. पण त्या दिवसापासून 'प्रमुख पाहुणे' हे शब्द वाचले की पोटात आम्ल वाढतं.

बटाटेवडा_दादर

डॉक्टर, "सत्कार केला त्यांचं भाषण" दंडवत स्वीकारा.

त्रिवेंद्रम_मावशी

कोणीतरी धाग्याची लिंक पाठवली म्हणून आले. आम्ही मूळचे मिरजेचे. यांच्या नोकरीमुळे इथे आलो, आता अठरा वर्षं झाली. आधी एक सांगते, शहराला तिरुवनंतपुरम म्हणा नाहीतर त्रिवेंद्रम म्हणा, रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. मराठी माणसंच यावरून भांडतात.

२०१३ ची गोष्ट. मला तेव्हा महोत्सवाचं काही माहीत नव्हतं. डिसेंबरात तंपानूरला, म्हणजे इथल्या स्टेशनच्या भागात, काही कामाला गेले तर रस्ता भरलेला, पोरं धावतायत, कोणीतरी मोबाइल उंच धरलेत. मला वाटलं मामुट्टी किंवा मोहनलाल आला. रिक्षावाल्याला विचारलं तर तो अगदी घरचं नाव घ्यावं तसं म्हणाला, "किम की-डुक!" मी म्हटलं, हा कोण? त्याने वळून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. कोरियाचा दिग्दर्शक, आणि आमच्या रिक्षावाल्याला त्याच्या तीन-चार सिनेमांची नावं पाठ.

घरी येऊन मुलाला विचारलं. तो म्हणाला, आई, इथल्या फिल्म सोसायट्या त्याचे सिनेमे वर्षानुवर्षं गावोगाव दाखवतायत. पुढच्या वर्षी मी हजेरीपुस्तकातच नाव घातलं म्हणा ना. आता दरवर्षी पास काढते. आमच्या गल्लीतल्या चौघी मिळून जातो, दोघी मल्याळी, एक तमिळ, एक मी. उपशीर्षकं इंग्रजी, शंका मल्याळममध्ये, भांडणं हिंदीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर देते, कुकर लावलाय.

मधली_ओळ

मावशी, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

पडद्यामागचा

रिक्षावाला गोड आहे, पण किमबद्दल पुढचंही बोलायला हवं. २०१८ मध्ये कोरियात अभिनेत्रींनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०२० च्या डिसेंबरात तो लाटव्हियात कोविडने गेला. २०२२ ला त्याचा शेवटचा सिनेमा याच महोत्सवात दाखवला, तेव्हा बाहेर यावर पुष्कळ चर्चा झाली. पाहुण्यांना डोक्यावर घेण्यातला धोका हाच. सिनेमाला टाळी द्या, माणसाला कशाला?

मधली_ओळ

म्हणजे भावनालाही टाळी द्यायला नको होती?

पडद्यामागचा

शब्द तोंडात घालू नका. तिथे टाळी धैर्याला होती.

मधली_ओळ

धैर्य माणसातच असतं ना? की ते वेगळ्या रांगेत बसतं, पांढऱ्या कापडावर?

पडद्यामागचा

:) बरं. अर्धा मुद्दा मान्य. पण २०१३ ची गर्दी धैर्याची नव्हती, नादाची होती. मी स्वतः त्या नादात होतो म्हणून सांगतो. माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. काढलं. सिनेमे अजून बघतो आणि दर वेळी मध्येच खुर्चीत हललो की कळतं, काहीतरी बदललंय.

झोपाळू

अवांतर: निशागंधी म्हणजे निशिगंध ना? काय सुंदर नाव आहे प्रेक्षागृहाला.

त्रिवेंद्रम_मावशी

नाही रे बाळा. इथे निशागंधी म्हणजे आपण ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ते. रात्री फुलतं, सकाळी मान टाकतं. माझ्या गॅलरीत आहे. निशिगंध वेगळा, गजऱ्यातला.

आणि नावांचंच निघालं तर गंमत. इथलं मोठं पारितोषिक 'सुवर्ण चकोरम'. मला आपला चांदणं पिणारा चकोर वाटला होता. इंग्रजीत मात्र हे लोक क्रो फेझंट लिहितात, म्हणजे आपला भारद्वाज! मिरजेला भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणायचे. इथे दिसला तर वीस लाख मिळतात.

झोपाळू

आमच्या सोसायटीत रोज दिसतो. हप्ता काही कमी होत नाही.

ओली_रीळ

उशिरा आलो. सगळे पाहुण्यांवरच बोलताय, तर ज्या पाहुण्या आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल लिहितो.

२०२२ चा डिसेंबर. 'स्पिरिट ऑफ सिनेमा' इराणच्या दिग्दर्शिका महनाझ मोहम्मदींना होता. इराणात हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतरचं आंदोलन पेटलेलं होतं, त्यांना येता आलं नाही. त्यांनी आपल्या केसांची बट कापून पाठवली. ग्रीक दिग्दर्शिका अथिना त्सांगारी यांनी ती मंचावर आणली आणि उंच धरली.

मी बऱ्यापैकी मागे होतो. लांबून काही दिसत नव्हतं, एवढीशी काळी रेघ. मोठ्या पडद्यावर दिसली तेव्हा समजलं. इतका वेळ निशागंधीत वाऱ्याचा, खुर्च्यांचा, मागे चहावाल्यांच्या ग्लासांचा आवाज चालू होता. तो थांबला. ग्लासांचासुद्धा. माझ्या आजीचे केस नवरा गेल्यावर कापले होते, ती आयुष्यभर पदर पुढे ओढून वावरली. मला तिथे, त्या गर्दीत, एकदम ती आठवली. दोन्हींचा अर्थ उलटा आहे, माहीत आहे मला. एकीचे कापले, एकीने कापले. पण आठवली.

त्याच वर्षी हंगेरीचे दिग्दर्शक बेला तार जीवनगौरव घ्यायला स्वतः आले होते. त्यांच्यासाठी मी सुट्टी टाकून गेलो होतो. त्यांचं काय आठवतं? पांढरी शेंडी आणि थकलेले डोळे. एवढंच.

त्याच्या आदल्या वर्षीचा फ्रेंच दिग्दर्शक गोदारही असाच न आलेला. कोविडमुळे २०२१ चा महोत्सव चार शहरांत वाटला होता: तिरुवनंतपुरम, कोची, तलश्शेरी, पालक्काड. गोदार पडद्यावरून बोलला, सिगार ओढत. आणखी दोन पटकथा हातात आहेत, त्या झाल्या की सिनेमाला रामराम, असं तिथे सांगून टाकलं. जगभरच्या पेपरांना ती बातमी केरळातून मिळाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात गेला.

खिडकीजवळची

ओली_रीळ, काही लिहायला सुचत नाही. आजीला नमस्कार.

बटाटेवडा_दादर

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

अण्णा_सोलापूर

आमच्या पुण्याचा आणि त्रिवेंद्रमचा एक धागा राहिला. पी. के. नायर. मूळ तिरुवनंतपुरमचे. १९६४ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, ते घडलं त्यांच्या हातून. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची रिळं त्यांनी मिळवून जपली, नाहीतर आपल्याला काय राहिलं असतं? २०१६ च्या मार्चमध्ये पुण्यातच गेले. म्हणजे मराठी सिनेमाचं पहिलं कपाट एका मल्याळी माणसाने भरलं. तिकडे जाताय तर हे ऋण मनात असू द्या, एवढंच.

पणजीकर

+१. आणि फाळक्यांवरून आठवलं, त्याच २०२२ च्या डिसेंबरात टागोर थिएटरात मूकपटांना प्रत्यक्ष पियानोची साथ ठेवली होती. वादक पडद्याकडे बघून वाजवत होता, समोर कागद नाही. फाळक्यांच्या काळी पेटी-तबलेवाले पडद्यासमोर बसायचे, तसंच की. माझ्यासाठी त्या वर्षीचा खरा पाहुणा तो.

डॉ_काढा

नाना पाटेकर पण गेले होते ना उद्घाटनाला? बातमी वाचल्याचं आठवतं.

ओली_रीळ

हो, २०२३. प्रमुख पाहुणे. उद्घाटनाचा सिनेमा सुदानचा होता, 'गुडबाय ज्युलिया'. आणि डॉक्टर, तुमच्या आम्लासाठी: समारंभ आटोपशीर आणि नंतर लगेच सिनेमा.

२०२४ ला शबाना आझमी उद्घाटनाला, आणि 'स्पिरिट ऑफ सिनेमा' पायल कपाडियाला. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, एफटीआयआयची. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलेल्या तिच्या सिनेमात मुंबईतल्या मल्याळी नर्सेस आहेत आणि रत्नागिरीकडच्या गावात परतणारी आपली छाया कदम. मुंबईत जो सिनेमा 'कठीण आहे बुवा' म्हणून लोक टाळत होते, त्याला तिथे खाली बसायलाही जागा नव्हती. तिथल्या प्रत्येकाच्या घरातली कोणी ना कोणी नर्स म्हणून बाहेर आहे, त्यांना तो घरचा सिनेमा वाटला.

कोकणकन्या_लेट

खायचं काय? अठ्ठावीस प्रतिसाद झाले, एकानेही खाण्याचं लिहिलं नाही. हा मराठी धागा आहे यावर विश्वास बसत नाही.

पडद्यामागचा

तंपानूरचं इंडियन कॉफी हाऊस. बस स्थानकाला लागून. लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने बांधलंय, लाल विटांचा गोल मनोरा. आत मजले नाहीतच, एकच उतार गोल गोल वर जातो आणि त्याच्या कडेने पक्की टेबलं. पंखेवाल्या फेट्यातला वाढपी हातात सहा ताटल्या घेऊन तो चढ चढतो. मसाला डोसा मागवा. बटाट्याची भाजी लालभडक, कारण आत बीट. पहिल्यांदा मी आणि माझा मित्र दोघेही घाबरून एकमेकांकडे बघत होतो. माझ्या एका वर्षीच्या पासवर अजून बीटाचा डाग आहे.

कैरळी-श्री-नीला ही तीन थिएटरं एकाच इमारतीत, तिथून पाच मिनिटं. स्टेशन समोर. म्हणजे गाडीतून उतरून बीट खाऊन थेट सिनेमात.

कोकणकन्या_लेट

बीट?? रद्द.

त्रिवेंद्रम_मावशी

कुकर झाला, जेवणं झाली, दुसऱ्या दिवसाची पण झाली. आता उत्तर.

खिडकीजवळची, तू मधले चार घे. दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत.

पहिला दिवस उद्घाटनाचा. संध्याकाळी निशागंधीत गर्दी, दिवसा सिनेमे मोजकेच. वर जे काही प्रसंग लिहिलेत ते मीही पाहिलेत आणि रडलेय, पण ते ठरवून मिळत नाहीत. भावना येणार हे माहीत असतं तर ती गर्दी वेगळी झाली असती. तू पाहुण्यांसाठी पहिला दिवस धरशील आणि त्या वर्षी नुसती भाषणं होतील, मग त्या डॉक्टरांसारखं होईल. शेवटच्या दिवशी निकाल, विजेता सिनेमा दाखवतात, पण सगळे थकलेले असतात आणि अर्धी मंडळी स्टेशनवर.

मधल्या दिवसांत पाहुणे फिरत असतात. दुसऱ्यांचे सिनेमे बघायला तेही रांगेतच असतात. एका वर्षी माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना मी नारळाच्या वड्या दिल्या. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाच्या असाव्यात इतकंच कळलं. दोन दिवसांनी बघते तर त्याच बाई मंचावर आपल्या सिनेमाबद्दल बोलतायत. तुझे खारे दाणे वाचले तेव्हा हेच आठवलं.

आता कामाचं. पासचे पैसे साधारण हजाराच्या आसपास धर, विद्यार्थ्यांना कमी. २०१८ ला पुरानंतर दोन हजार केले होते, सरकारचा पैसा न घेता महोत्सव केला, लोकांनी तेवढे भरले. जागा फोनवर राखून ठेवता येते, पण सकाळी आठच्या ठोक्याला. आठ वाजून दोन मिनिटांनी विसर. नाही मिळाली तरी रांग लाव, बऱ्याचदा आत घेतात. जाड गरम कपडे आणू नकोस, डिसेंबरातही घाम येतो. थिएटरात मात्र एसी हाडं गोठवतो, शाल हवी. पर्समध्ये छत्री असू दे.

बटाटेवडा_दादर

"आठ वाजून दोन मिनिटांनी विसर." तत्काळ तिकिटाची सवय आहे मावशी आम्हाला.

मधली_ओळ

मधले चार. पडद्यामागचा आणि मी तीन दिवस भांडलो आणि मावशींनी कुकरच्या दोन शिट्ट्यांत निकाल लावला. मी मागे घेतो.

पडद्यामागचा

मी नाही. शेवटचे चार. पण मावशींपुढे आवाज कमी.

डॉ_काढा

पांढरी कापडं दिसली तर फोटो काढून पाठवा.

खिडकीजवळची

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले चार ठरलं. रजेचा अर्ज बदलून दिला. साहेबांनी विचारलं, "नक्की कशासाठी जाताय?" म्हटलं, रांगेत उभं राहायला. त्यांना वाटलं देवदर्शन, लगेच सही केली आणि पद्मनाभस्वामींना त्यांचाही नमस्कार सांगा म्हणाले.

नवऱ्याने धागा वाचला. (कोकणकन्या_लेट यांनी लिंक पाठवली. तुम्ही त्याच्या ऑफिसात आहात हे आज कळलं. बघून घेते.) आता तोही येतो म्हणतोय, "माणसं बघायला."

जयंती जनताची दोन तिकिटं काढली, एक खिडकी, एक मधलं. मधलं त्याचं. मावशी, येताना काय आणू? बाकरवडी?

त्रिवेंद्रम_मावशी

बाकरवडी नको, इथे मागवली की येते. ज्वारीचं पीठ आण. दोन किलो. बारीक दळलेलं. आणि दळून झाल्यावर लगेच पिशवीत भरू नकोस, गार होऊ दे, इतक्या लांबच्या प्रवासात कोंदट होतं.